केडगावची ‘मुक्ती’



मागच्या महिन्यात आपल्या धरणाकाठच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. गावाचं नाव सांगत नाही. गटातली एक जण मुलीकडे राहायला गेली, म्हणून एक जागा रिकामी झाली होती. त्या जागेवर एक बाई यायला तयार होती. नवऱ्यानं टाकलेली. मधली पाच-सहा वर्षं कुठं होती, कुणाला ठाऊक नाही. आता दोन लेकरं घेऊन भावाच्या दारात आलेली. एक ताई म्हणाल्या, “तिला घेतलं तर लोक गटाला नावं ठेवतील.” बाकीच्या गप्प बसल्या. खरं सांगते, मीही गप्प बसले. विषय तसाच राहिला.

परत येताना मला केडगाव आठवलं. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसलं, की जेऊर जातं, भिगवण जातं, दौंड लागतं, आणि पाटसच्या पुढं केडगाव. तिथं सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं अशाच बायांसाठी घर बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘मुक्ती’. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आज त्यांची गोष्ट सांगते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईनं संस्कृत शिकू नये अशा काळात त्यांनी बायकोला शिकवलं, आणि आईनं रमाला. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. मग दुष्काळ पडला. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास अर्धपोटी, अनवाणी देशभर चालत राहिले. आपल्या सासवांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांना विचारा म्हणजे भूक काय असते ते कळेल.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. पण दोन वर्षांत भाऊ गेला. रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. 1882 मध्ये पटकीनं तेही गेले. कडेवर मनोरमा नावाची लहानगी. म्हणजे चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा होत्या, आणि माहेरचं कुणीच उरलं नव्हतं. मोडलेलं आयुष्य म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानानं कमी ऐकू येत असल्यानं वैद्यकी राहिली. पण तिथं त्यांनी एक गोष्ट पाहिली. ख्रिस्ती संन्यासिनी लंडनच्या फुलम भागात एक घर चालवत होत्या. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांना त्या घरात घ्यायच्या, मायेनं वागवायच्या, काम शिकवायच्या. रमाबाईंना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका संन्यासिनीनं त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट आपल्याला लगेच कळेल अशी आहे. एक बाई भर दुपारी एकटीच विहिरीवर पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नाही. वर ती अशा लोकांतली, की यहुदी माणसं त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. येशू यहुदी असून तिच्याकडे पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक असतं, तरी तो तिच्याशी नीट बोलतो, देवाबद्दल बोलतो, तिला जिवंत पाणी देऊ करतो. ती घागर तिथंच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते. ज्या गावाला तोंड दाखवायची चोरी, त्याच गावाला ती बाई निरोप देते.

ख्रिस्ती लोक ‘तारण’ म्हणतात ते हेच. देवाची क्षमा पुण्य करून कमवायची नसते, ती कृपेनं मिळते, आणि जिला मिळते ती नव्यानं जगायला लागते. रमाबाईंनी शास्त्रं वाचली होती. त्यांत बाईच्या मोक्षाची वाट नवऱ्याच्या सेवेतूनच जाते, असं त्यांनी वाचलं होतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की तेव्हा धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी सापडला.

कुणी म्हणेल, आपल्याकडे काय कमी आहे? मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला पंढरीच्या विठोबानं जवळ केलंच की. खरं आहे. देवाच्या पायाशी तिला जागा मिळाली. पण जित्या बाईला माणसांच्या घरात, पंगतीत जागा कोण देणार? रमाबाईंना ती जागा करायची होती.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा. पुढं धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं, त्याच आनंदीबाई कर्वे. गोदूबाई हिंदूच राहिल्या. पण काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’नं कडक टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या. आधार देणाऱ्याचाच धर्म समोर असताना मुलीला कितीशी मोकळीक उरते, हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या मुलींना आधी कुणी दारात उभं केलं होतं, हाही प्रश्न खराच होता.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंना आपली भूक आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या. वाईट लोकांच्या हाती लागतील अशा उपाशी मुली आणि विधवा त्यांनी गोळा केल्या, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग होता, सरकारी निर्बंध होते, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला त्यांनी शेतीसाठी जमीन घेतली होती. तिथं तंबू ठोकले. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता बघा, तिथं मुक्ती म्हणजे काय होतं. प्रार्थना होती, पण आधी जेवण होतं. विहिरी खणल्या, शेती केली, गोठा होता, तेलाचा घाणा होता, माग होते, छापखाना होता, आणि सगळीकडे बायाच काम करत होत्या. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. आणि ज्यांना गाव ‘वाया गेलेली’ म्हणायचं, त्यांच्यासाठी वेगळं कृपासदन होतं. कृपा म्हणजे लायकी न विचारता दिलेली जागा.

शेवटची वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, गावातल्या बाईला समजावं म्हणून. ते केडगावच्याच छापखान्यात बायांनी छापलं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. लेकीच्या मागे वर्षही झालं नाही, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

मैत्रिणींनो, आपल्यात कुणी विठोबाला मानतं, कुणी बुद्धाला, कुणी अल्लाला, कुणी येशूला. रमाबाईंचा धर्म घ्या असं मी सांगत नाही. एवढंच सांगते, की तुटलेली बाई आधी सुधारून मग दारात येत नसते. आधी दार उघडावं लागतं. आपली कितीतरी गावं धरणाच्या पाण्यात गेली. उठून दुसऱ्याच्या शिवारात राहायला जाणं काय असतं, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला नको.

त्या बाईला विचारूनच मी हे बोलते आहे. ती म्हणाली, “नाव सोडून सांगा.” येत्या बैठकीत तिचा विषय मी पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी गप्प बसणार नाही. निर्णय गटाचा. पण सतरंजीवर तिच्यासाठी जागा ठेवूनच बसू या.

नमस्कार.