जन्मदाते आणि ज्ञानदाते : परंपरेने शिक्षकाला दिलेले पालकपण

आषाढ पौर्णिमेला घरोघरी व मठमंदिरांतून गुरुपूजन होते, तर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिन, ५ सप्टेंबर, १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून साजरा केला जातो. शिक्षक हा दुसरा पालक आहे, हे वाक्य या दोन्ही दिवशी हमखास कानी पडते. त्यामागे केवळ गौरवाची भावना नाही. प्राचीन ग्रंथांनी शिक्षकाचे स्थान आई-वडिलांशी तुलना करूनच ठरविले आणि त्या स्थानाबरोबर पालकाची कर्तव्येही त्याच्यावर सोपविली.

श्रेष्ठ कोण?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन पूर्ण करणाऱ्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. देवासमान कोणाला मानावे, याचा क्रम त्यात माता, पिता, आचार्य आणि अतिथी असा आहे. स्वतः आचार्यच तिसरे स्थान घेतात, हे लक्षणीय होय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपाध्यायापेक्षा आचार्य दहापट, आचार्यापेक्षा पिता शंभरपट आणि पित्यापेक्षा माता हजारपट श्रेष्ठ मानली आहे. मात्र लगेच पुढच्या श्लोकात जन्म देणाऱ्यापेक्षा वेद देणाऱ्याला अधिक मान दिला आहे. गौतम धर्मसूत्रानुसार सर्व गुरूंमध्ये आचार्य श्रेष्ठ. पण काहींच्या मते माता श्रेष्ठ, अशी नोंदही तेथेच सापडते. थोडक्यात, या प्रश्नाचे एकच एक उत्तर परंपरेने दिलेले नाही.

‘गुरु’ या शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. गर्भाधानादी संस्कार करून अन्नाने पोषण करतो तो गुरु, अशी व्याख्या मनुस्मृतीत आढळते. म्हणजे येथे हा शब्द प्रथम पित्याकडे निर्देश करतो. वेद शिकविणारा तो आचार्य आणि उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकविणारा तो उपाध्याय, असा भेद केलेला आहे.

दुसरा जन्म

शिक्षकाला पालकपण लाभले ते उपनयन संस्कारातून. अथर्ववेदातील ब्रह्मचर्य सूक्तात आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या उदरात धारण करतो, अशी कल्पना आहे. येथे आचार्याला पित्याची नव्हे, तर मातेची भूमिका मिळाली आहे. आई-वडील केवळ शरीराला जन्म देतात, विद्येतून होणारा जन्म श्रेष्ठ, असे आपस्तंब धर्मसूत्रही सांगते.

या दुसऱ्या जन्माचे दार मात्र सर्वांना खुले नव्हते. धर्मशास्त्राने उपनयनाचा अधिकार तीन वर्णांच्या मुलांपुरता ठेवला. महाभारतातील एकलव्याची कथा या व्यवस्थेवर बोट ठेवते. द्रोणाचार्यांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले नाही, पण गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मात्र मागून घेतला.

अधिकाराला मर्यादा

शिक्षकाच्या मोठेपणाची चर्चा पुष्कळ होते. त्याच्यावरील बंधनांची क्वचितच. शिष्यावर पुत्रवत प्रेम करावे, विद्या हातची राखून ठेवू नये आणि संकटकाळ वगळता स्वतःच्या कामासाठी राबवून त्याच्या अध्ययनात खंड पाडू नये, असे आपस्तंबाने बजावले आहे. गौतमाच्या मते शिष्याला न मारताच शिस्त लावावी. तसे शक्य नसेल तर बारीक दोरी किंवा बांबूची पातळ काडी वापरावी. अन्य साधनाने मारणाऱ्या शिक्षकाला राजाने शिक्षा करावी. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास पूर्ण बंदी घातली.

महाराष्ट्रातील वारसा

वारकरी संप्रदायाने ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटले. त्यांचे स्वतःचे गुरु होते वडील बंधू निवृत्तिनाथ. गुरूकडे आई म्हणून पाहण्याची ही दृष्टी मराठी मनात खोलवर रुजली आहे.

ज्यांना परंपरेने विद्येपासून दूर ठेवले, त्यांचे पालकत्व आधुनिक काळातील शिक्षकांनी घेतले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अगदी मंगळसूत्रही, दिले. अन्नाने पोषण करणारा तो गुरु, ही जुनी व्याख्या येथे एका गृहिणीने सार्थ केली.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहात मुलांची अंथरुणे आवरण्यापासून आजाऱ्याच्या शुश्रूषेपर्यंतची कामे ते आपुलकीने करीत. आईकडून मिळालेले संस्कार त्यांनी पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकात सांगितले. ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले.

आज बहुतेक मुले शाळा सुटल्यावर घरी परततात आणि शिक्षकाचे पालकत्व काही तासांपुरते उरते. आश्रमशाळांत व निवासी शाळांत मात्र मूल रात्रंदिवस शाळेच्याच स्वाधीन असते. तेथे पोटभर जेवण, आजारपणात वेळेवर उपचार आणि निर्धास्त झोप यांची काळजी वाहिली जाते की नाही, यावरच दुसऱ्या पालकाची खरी परीक्षा होते.