कॉकपिटच्या बंद दारामागे काय चालतं? वैमानिकांचे अनुभव सांगणारी ५ पुस्तकं

विमान अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, पायलटने तेव्हा काय केलं असेल? प्रवाशांना त्या बंद दारापलीकडचं काही दिसत नाही. ते दाखवणारी ही ५ इंग्रजी पुस्तकं.

१. विंड, सँड अँड स्टार्स (१९३९)
'द लिटल प्रिन्स'चा लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी विमानाने टपाल पोहोचवायचा. १९३५ मध्ये त्याचं विमान वाळवंटात कोसळलं. तो आणि त्याचा मेकॅनिक पाण्यावाचून अनेक दिवस भटकले. शेवटी एका बेदुईनाने त्यांना वाचवलं. मूळ पुस्तक फ्रेंच आहे. १९४४ मध्ये टेहळणीसाठी उडालेला सेंत-एक्झुपेरी परतलाच नाही.

२. वेस्ट विथ द नाइट (१९४२)
केनियात वाढलेल्या बेरिल मार्कहॅमने सप्टेंबर १९३६ मध्ये इंग्लंडहून एकटीने अटलांटिक पार केला. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, त्यामुळे वेळ आणि इंधन जास्त लागतं. कॅनडाचा किनारा गाठला, पण इंजिन बंद पडलं आणि विमान दलदलीत उतरवावं लागलं. विस्मरणात गेलेलं हे पुस्तक १९८३ मध्ये पुन्हा छापलं गेलं आणि गाजलं.

३. फेट इज द हंटर (१९६१)
अर्नेस्ट गॅन हा अमेरिकन एअरलाइन पायलट. त्याच्या काळात रडार आणि अचूक हवामान अंदाज हाताशी नसायचे. तितकेच कुशल सहकारी गेले आणि आपण का वाचलो, हा प्रश्न त्याला सोडत नाही.

४. हायेस्ट ड्यूटी (२००९)
१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाला पक्ष्यांची धडक बसली, दोन्ही इंजिनं निकामी झाली. कॅप्टन चेस्ली 'सली' सलेनबर्गर यांनी चार मिनिटांच्या आत विमान हडसन नदीत उतरवलं. विमानातले सर्व १५५ जण वाचले. त्या मिनिटांमागे किती वर्षांचा सराव होता, ते या आत्मकथनात कळतं.

५. फोर माइल्स टू फ्रीडम
फेथ जॉन्स्टन या लेखिका वैमानिक नाहीत, पण कहाणी वैमानिकांची आहे. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर पाकिस्तानच्या हाती लागले. ऑगस्ट १९७२ मध्ये ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले. अफगाण सीमा काही मैलांवर असताना तिघेही पकडले गेले. मराठी वाचकांनी ही गोष्ट वाचायलाच हवी.

सुरुवात कुठून करायची?
विमानाची भीती वाटत असेल तर सलींपासून. भाषेची मजा हवी असेल तर मार्कहॅम. गॅन मात्र शेवटी वाचा. सली सरावावर विश्वास बसवतात, तर सराव करूनही काही गोष्टी आपल्या हातात नसतात, हे गॅन सांगतो. दोघांना वाचल्यावर अपघाताच्या बातमीत लगेच 'पायलटची चूक' म्हणताना आपण थोडं थांबतो.