पॉइंट टू-टूचं कूळ आणि मूळ

लांबी एक इंच, वजन साडेतीन ग्रॅमच्या आत. पितळेची पातळ पुंगळी, तिच्या तोंडात शिशाची राखाडी गोळी आणि गोळीवर मेणाचा हलका थर. चार काडतुसं हाताळली की बोटं ओशट होतात. बुडाला बाहेर डोकावणारी कड असते आणि बार झाल्यानंतर त्या कडेवर एकाच बाजूला चेपल्याची खूण उरते. हे .२२ लाँग रायफल काडतूस. नेमबाजांच्या तोंडी नुसतं ‘पॉइंट टू-टू’. एनसीसीत असताना पालथं पडून ज्यांनी चार-पाच गोळ्या झाडल्या असतील त्यांना ते आठवत असेल. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही याच जातीच्या काडतुसाने.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. काडतुसाचं शोधायला हरकत नाही, कारण या कुळाचा मूळपुरुष अगदीच निरुपद्रवी निघतो. लुई-निकोला फ्लोबेर हा पॅरिसचा बंदूक बनवणारा कारागीर. त्या काळात बंदुकीला ठिणगी द्यायला तांब्याची छोटी टोपी वापरत. टोपीत स्फोटक मसाला असायचा, तिच्यावर घोडा आपटला की बार. १८४५च्या सुमारास फ्लोबेरने त्या टोपीच्याच तोंडात शिशाची बारीक गोळी बसवली. बंदुकीची दारू मुळीच नाही. टोपीतल्या चिमूटभर मसाल्याच्या जोरावर गोळी जायची ती दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि तिचा उपयोगही तोच होता. जेवणं झाल्यावर पॅरिसचे सुखवस्तू लोक घरातच नेमबाजी खेळत. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या बंदुका मांडल्या होत्या. म्हणजे आज ज्याला आपण शस्त्र म्हणून परवान्यात जखडतो, त्या काडतुसाचा जन्म करमणुकीसाठी झाला. पुढे ते युद्धावर गेलं, तिथून नापास होऊन परत आलं आणि पुन्हा खेळात रमलं.

युद्धाकडे त्याला नेलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दोघांनी, होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी. त्यांनी टोपी लांबवून तिची पुंगळी केली, मसाला बुडाच्या घडीत भरला आणि मधल्या पोकळीत चार ग्रेन काळी दारू घातली. १८५७ साली हे काडतूस आणि ते झाडणारं सात बारांचं इवलंसं रिव्हॉल्व्हर, मॉडेल वन, बाजारात आलं. काडतूस मागून आत सरकवायचं तर रिव्हॉल्व्हरच्या चक्रातली भोकं आरपार हवीत, आणि आरपार भोकांचं पेटंट होतं रॉलिन व्हाइट नावाच्या कारागिराकडे. स्मिथ आणि वेसन यांनी त्याच्याशी दर नगामागे पंचवीस सेंटचा करार केला आणि वर एक अट घातली: पेटंटची नक्कल कुणी केली तर कोर्टकचेरी व्हाइटने स्वखर्चाने करायची. व्हाइट वर्षानुवर्षं खटले लढत राहिला आणि त्यातच बुडाला. पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून तो संसदेपर्यंत गेला, तेव्हा १८७० साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते विधेयक नाकारलं. कंपनीचं नाव जगभर झालं. व्हाइटचं नाव राहिलं ते जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या शौकिनांपुरतं.

१८५७ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दुसरंच काडतूस येणार. बराकपूरच्या छावणीतलं एनफील्डचं काडतूस कागदी होतं: कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, चरबी लावलेल्या कागदासकट गोळी गजाने ठासायची आणि टोपी वेगळी चढवायची. दाताला लावायची गरजच न उरलेलं काडतूस नेमकं त्याच वर्षी अमेरिकेत दुकानात आलं होतं. मात्र ते इतकं दुबळं होतं की कुठल्याही पलटणीच्या कामाचं नव्हतं.

त्याला सबळ करण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात याच घडणीची मोठी काडतुसं घेऊन हेन्री आणि स्पेन्सर रायफली उतरल्या. १८६३च्या ऑगस्टमध्ये खुद्द लिंकन यांनी व्हाइट हाऊसजवळ लाकडी फळीवर स्पेन्सर चालवून पाहिली. पण या घडणीतच खोट होती. मसाला कडेच्या घडीत असतो, तो पेटायला कड चेपली गेली पाहिजे, कड चेपायची तर पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. म्हणजे ताकद वाढवली की काडतूस फाटणार. यातून सुटायचं तर मसाल्याची टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवायला हवी होती. ते १८६६च्या आसपास दोघांनी साधलं: अमेरिकेत कर्नल हायरम बर्डन यांनी आणि इंग्लंडमध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी. गंमत अशी की पुढे अमेरिकेने इंग्रज बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपच्या बऱ्याच भागाने अमेरिकन बर्डनची. सैन्यांनी कडेवर पेटणारं रिमफायर टाकलं आणि मध्यावर पेटणारं सेंटरफायर घेतलं. घराण्याच्या इथे दोन शाखा झाल्या.

थोरल्या शाखेची, म्हणजे सेंटरफायरची, एक सोय होती. बार झाल्यावर जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू आणि गोळी भरायची, की तीच पुंगळी पुन्हा कामाला. बॉक्सरच्या टोपीखाली मधोमध एकच छिद्र, त्यामुळे ती सळईने सहज निघते. अमेरिकेतला घरी काडतुसं भरण्याचा सारा छंद या एका छिद्रावर उभा आहे. १८८४ साली जॉन बार्लो यांनी न्यू हेवनमध्ये आयडियल कंपनी काढली आणि सांडशीसारखं एक अवजार विकायला सुरुवात केली. एवढ्या अवजारावर माणूस शेकोटीपाशी बसून आपली काडतुसं भरू लागला. पुढे कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांच्या, १९४३ मध्ये सुरू झालेल्या आरसीबीएस कंपनीने या कामाला टेबलावरचं भक्कम दाबयंत्र दिलं.

या छंदाची परमावधी मात्र त्याच्या आधीच गाठली गेली होती. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत आणलेल्या शुट्झेन स्पर्धांतले मुरलेले नेमबाज अख्ख्या सामन्याला एकच पुंगळी वापरत. बार करायचा, पुंगळी काढायची, बाकावर बसवलेल्या मापाने दारू भरायची, गोळी नळीच्या तोंडाकडून सरकवायची आणि तीच पुंगळी परत आत. प्रत्येक पुंगळी दुसरीपेक्षा केसभर वेगळी, मग तो फरकच नको. जर्सी सिटीचे हॅरी पोप (१८६१–१९५०) अशा रायफलींच्या नळ्या हाताने कोरत आणि त्यांच्या एका नळीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. मला हा माणूस घराण्यातला सगळ्यात थोर वाटतो, पण तो थोरल्या शाखेचा. धाकटीत काडतूस हाताने भरण्याच्या या कसबाला वाव नव्हता.

कारण .२२ पुन्हा भरता येत नाही. एकदा चेपलेली कड पूर्ववत होत नाही आणि घडीतला मसाला घरच्या टेबलावर बदलण्यासारखा नाही. कारखान्यात तो ओला असतानाच पुंगळीत टाकतात, पुंगळी गरागरा फिरवून कडेत पसरवतात आणि मग वाळवतात. वाळला की तो धक्क्याने पेटतो. तेव्हा या काडतुसात जे काही कौशल्य असेल ते सगळं कारखान्याचं. नेमबाजाच्या हाती फक्त निवड.

अमेरिकन पिस्तुलबाजीत २७०० गुणांचा एक पारंपरिक सामना असतो. तीन हत्यारं, प्रत्येकी नव्वद गोळ्या. सेंटरफायर आणि पॉइंट फॉर-फाइव्हच्या फेऱ्यांसाठी खेळाडू घरी भरलेली काडतुसं आणतो. त्यात सपाट तोंडाची ‘वॉडकटर’ गोळी असते आणि ती कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते, म्हणजे गुणांवरून वाद नको. .२२च्या फेरीला मात्र तोच पट्टीचा कारागीर दुकानातली डबी उघडतो. तिथे त्याची काही मात्रा चालत नाही.

आज जी .२२ आपण ओळखतो ती १८८७ची. मॅसॅच्युसेट्सच्याच चिकोपी फॉल्समधल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने जुन्या .२२ लाँगच्या पुंगळीवर चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची जड गोळी बसवली. जोड अशी जमली की तिच्यात मूलभूत बदल अजून झालेला नाही. स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली ठेवतात, कारण तो वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, गोळी स्वतः ५.६ची. एवढ्या अंतरात डळमळणं परवडत नाही.

१८५७चं मूळ आखूड काडतूस, .२२ शॉर्ट, तेही मेलं नव्हतं. पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात झटका जितका कमी तितकं बरं, म्हणून ते तिथे टिकलं. उजवा हात हातबॉम्बने निकामी झाल्यावर डाव्या हाताने शिकून १९४८ आणि १९५२ची सुवर्णं जिंकणारे हंगेरीचे कारोली ताकाच याच प्रकारातले. अथेन्सच्या २००४च्या ऑलिंपिकपर्यंत .२२ शॉर्ट खेळत होतं. २००५पासून नियम बदलला आणि तिथेही लाँग रायफलच आली.

संग्राहकांची दुनिया निराळी. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरचं १९१५चं कोल्ट, ज्याला पुढे वुड्समन नाव पडलं, आणि १९५७चं स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ ही त्यांची दैवतं. पण मला गोष्ट आवडते ती १९४९च्या रुगर स्टँडर्डची. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी साडेसदतीस डॉलरला ते पिस्तूल विकायला काढलं. मुठीवर स्टर्म यांनी रेखाटलेला गरुड, लाल रंगात. १९५१ मध्ये स्टर्म तरुणपणीच गेले आणि रुगर यांनी गरुड काळा केला. पोलाद तेच, आतली यंत्रणा तीच, तरी लाल गरुडाच्या पिस्तुलाला आज किंमत वेगळी. नेम दोन्हींचा सारखाच लागतो, पण संग्राहकाला हे सांगायला जाऊ नये. आपल्याकडे हा शौक फोफावण्याची शक्यता नाही: २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

खेळ मात्र फोफावला, आणि त्याची पायाभरणी एका मराठी माणसाच्या नावावर आहे. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. मग कोल्हापूरने कमाल केली. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून झाडण्याच्या प्रकारात, सहाशेपैकी ५९७ मारून विश्वविजेती झाली. २०१८च्या एशियाडमध्ये राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील. या तिन्ही पदकांमागे .२२च.

या पातळीवर काडतूस कसं निवडतात ते पाहण्यासारखं असतं. रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात हिशेबातून गेला. मग एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या लॉटमधल्या डब्या एकेक करून झाडतात आणि पन्नास मीटरवर गोळ्यांचा पुंजका किती आवळ पडतो ते मोजतात. एक लॉट वर्तुळातून हलत नाही, दुसरा त्याच यंत्रावरचा असून पसरतो. शेजारच्याच्या रायफलीत याच्या नेमकं उलट घडू शकतं. ज्याचं ज्याच्याशी जमेल तो लॉट हजारांनी उचलायचा आणि मोसमभर जपायचा. हॅरी पोप जे हाताने करत, ते इथे चाचणी घेऊन निवडीने करावं लागतं.

या निवडीत आघाडीवर असलेली नावं म्हणजे इंग्लंडची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ. आपले अव्वल नेमबाज त्यांच्याच डब्या वापरतात. दारूगोळा बनवणं आपल्याला नवं आहे असं मुळीच नाही. खडकीचा कारखाना १८६९चा, लाँग रायफलपेक्षा अठरा वर्षांनी थोरला. देशी काडतुसांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं म्हणजे किर्की फॅक्टरी. दारूगोळ्याच्या सरकारी कंपनीचं मुख्यालयही आज पुण्यातच आहे. पदकविजेत्यांना बक्षिसं जरूर द्यावीत. पण ज्या काडतुसात खेळाडूला स्वतः काहीच करता येत नाही, ते स्पर्धेच्या दर्जाचं इथे बनवणं हे सरकारी कारखान्याचंच काम आहे, आणि ते अजून व्हायचं आहे.