आंग्रिया बँकेच्या कडेचे भोवरे

डिसेंबर २०१७ आठवतोय का बघा. ओखी वादळानं केरळ-तामिळनाडूचा किनारा झोडपला आणि २ तारखेपर्यंत आपल्या देवगडला ६८ नौका आसऱ्याला लागल्या. ६६ केरळच्या, २ तामिळनाडूच्या, माणसं ९५२. गगनबावडा उतरलं की देवगड काही लांब नाही, त्यामुळं इकडंही चर्चा झाली. ती माणसं वाचली, पण त्या वादळात शेकडो मच्छीमार घरी परतलेच नाहीत. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न आहे: इंजिन बंद पडलेली होडी शोधायची कुठं?

वारा जिकडं तिकडं, असं आपण पटकन म्हणतो. ते अर्धंच खरं. पाण्याचीही स्वतःची चाल असते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती चाल समजायला फार उशीर लागला.

विजयदुर्गपासून साधारण १०० किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. इंग्रजांच्या नकाशांनी त्याला नाव दिलं आंग्रिया बँक, म्हणजे आपले कान्होजी आंग्रे. (आधी ताराराणींच्या बाजूचे सरखेल, १७१३ मध्ये सातारच्या शाहू छत्रपतींकडे गेले. कोल्हापूरकर हे विसरत नाहीत.) या पठाराच्या पलीकडं उथळ समुद्र संपतो आणि तळ खोल उतरत जातो. आपला किनारी प्रवाह या उताराला धरून वाहतो. पावसाळ्यात दक्षिणेकडं, नोव्हेंबर ते जानेवारी उत्तरेकडं.

गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ची. तिथल्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हिवाळी प्रवाहावर निबंध छापला. गंमत अशी, की हिवाळ्यात इथला वारा उत्तरेकडून येतो आणि पाणी मात्र त्याच्या तोंडावर उत्तरेकडंच चाललेलं असतं! बंगालच्या उपसागरातलं कमी खारट, हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्याकडं येतं. नुसत्या वाऱ्यावर हिशेब करणारा इथंच फसतो.

पण हा प्रवाह कालव्यासारखा सरळही वाहत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळं एवढा मोठा प्रवाह शक्यतो एकाच खोलीच्या रेषेवरून चालतो. उतार तीव्र असेल तर त्याला रुळासारखा धरून ठेवतो. किनाऱ्याकडं हलकं पाणी आणि बाहेर जड, म्हणून दोघांमधली सीमा तिरकी राहते. उसाची एका बाजूला कललेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. दोर घट्ट आहे तोवर चालते, पण पडण्याचं सगळं बळ त्या कलण्यातच साठलेलं असतं. समुद्रातला दोर म्हणजे पृथ्वीचं फिरणं आणि तळाचा उतार. उतार सौम्य झाला, तळ वळला, की पकड सैल पडते. प्रवाहाला लहानशी लाट येते, ती साठलेलं बळ खाऊन वाढते, शेवटी वळसा घालून तुटते. झाला भोवरा. याचं गणित चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि ईडी यांनी १९४९ मध्ये मांडलं, तेही आकाशातल्या वादळांसाठी. पाण्यालाही तेच लागू पडलं.

पंचगंगेच्या पुरात पुलाच्या खांबामागं दिसतो तसला भोवरा मात्र डोळ्यांसमोर आणू नका. तो मिनिटभरात विरतो. हा कोल्हापूर ते सातारा एवढा रुंद असतो, आठवडे, कधी महिने टिकतो, आणि बोटीवरच्या माणसाला दिसतसुद्धा नाही. त्याच्या मध्यावर पाणी फार तर वीतभर फुगलेलं किंवा दबलेलं असतं. ती वीत मोजायला उपग्रह लागले. १९९२ मध्ये अमेरिका-फ्रान्सचा टोपेक्स-पोसायडन गेला, २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून आपला आणि फ्रान्सचा सरल. दरम्यान गोव्याच्या संस्थेनं उतारावरच प्रवाहमापक यंत्रं नांगरून ठेवली. पुस्तकात ‘उत्तरेकडं’ लिहिलेल्या दिवसांतही पाणी मधूनच उलटं वाहताना सापडलं.

आता त्या होडीकडं येऊ. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेनं २०१६ पासून ‘सरात’ नावाची सोय केली आहे. होडी शेवटची कुठं दिसली ते सांगा, वारा आणि प्रवाहाचा हिशेब मांडून शोधायचा टापू ती दाखवते. तटरक्षक दल तिकडं जातं. पण तो हिशेब भोवऱ्यांच्या माहितीइतकाच पक्का. म्हणून समुद्रातल्या यंत्रांवर आणि उपग्रहांवर खर्च कशाला, असं कुणी कट्ट्यावर म्हणालं की मी वाद घालतो.

समजा मालवणसमोर घड्याळाच्या दिशेनं फिरणारा एक भोवरा आहे. त्याच्या किनाऱ्याकडच्या अंगाला एक होडी बंद पडली, बाहेरच्या अंगाला दुसरी. दिवस तोच, वारा तोच. पाणी पहिलीला गोव्याकडं नेणार आणि दुसरीला रत्नागिरीच्या बाजूला.