रंगमंचीय दिव्यांचा निर्धारित विद्युतदाब

नाट्यगृहातील स्पॉट, फ्रेनेल, पारकॅन अशा प्रकाशयंत्रांत बसवलेला बल्ब ज्या विद्युतदाबावर ठरलेला प्रकाश, ठरलेला रंग आणि ठरलेले आयुष्य देईल असे धरून तो बनवलेला असतो, त्या दाबाला त्या बल्बचा निर्धारित दाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात आणि बल्बच्या काचेवर किंवा बुडाशी, वॉटच्या आकड्याशेजारी छापतात. बदली बल्ब ऑनलाइन मागवताना जुना बल्ब दुकानदारासमोर ठेवून नव्याशी ताडून पाहण्याची सोय राहत नाही; त्यामुळे हे छापील आकडे नीट वाचता येणे ही प्रकाशयोजनाकाराची आणि नाट्यगृहाच्या वायरमनची रोजची गरज झाली आहे.

भारतात एक फेज आणि न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट मानला जातो, अमेरिकेत तो १२० आणि जपानमध्ये १०० असतो. युरोपात पूर्वी बहुतेक देशांत २२० आणि ब्रिटनमध्ये २४० व्होल्ट असे दोन दाब होते. १९९५ पासून ब्रिटननेही कागदोपत्री २३० स्वीकारला, तरी तेथील प्रत्यक्ष पुरवठा बराचसा २४० च्या आसपासच राहिला. म्हणूनच एकाच सांकेतिक नावाचा बल्ब आजही कधी २३० तर कधी २४० व्होल्टचा म्हणून विकला जातो. ही दहा व्होल्टांची तफावत किरकोळ समजण्याची सवय सर्रास दिसते, परंतु ती महागात पडते.

त्याचे कारण टंगस्टनच्या तंतूच्या, म्हणजे फिलामेंटच्या, स्वभावात आहे. दाब थोडा वाढला की तंतू अधिक तापतो, प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो, आणि आयुष्य मात्र सुमारे तेराव्या घाताने घटते. २३० व्होल्टचा बल्ब सतत २४० व्होल्टवर चालवला तर प्रकाश सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. उलट २४० चा बल्ब २३० वर चालवल्यास प्रकाश १३-१४ टक्क्यांनी उतरतो, रंग किंचित पिवळसर होतो आणि बल्ब सुमारे पावणेदोन पट टिकतो. प्रयोग वारंवार होत असतील, बल्ब उंच बारवर टांगलेला असेल आणि तो बदलायला दर वेळी शिडी लावावी लागत असेल, तर हा दुसरा व्यवहार शहाणपणाचा ठरतो; चेहऱ्यावर स्वच्छ पांढरा प्रकाश हवा असेल तिथे मात्र तो खटकतो.

१२० आणि २३० यांच्यातील चूक याहून फार गंभीर असते. १२० व्होल्टचा बल्ब २३० वर लावताच तो निर्धारित शक्तीच्या पावणेतीन पटींच्या घरात वीज ओढू पाहतो आणि तंतू तत्काळ वितळतो. कधी काच फुटून गरम तुकडेही उडतात. २३० चा बल्ब १२० वर लावला तर अपाय होत नाही, पण जेमतेम एक दशांश प्रकाश मिळतो आणि तोही तांबूस. दुर्दैवाने ही चूक होल्डर अडवत नाही. पार-६४ या बंदिस्त परावर्तकाच्या दिव्याचे जीएक्स-१६-डी हे बूड दोन्ही दाबांच्या बल्बांना सारखेच असते. ‘सोर्स फोर’ या १९९२ मध्ये आलेल्या स्पॉटचा एचपीएल बल्बही ११५, १२०, २३० आणि २४० व्होल्टांत मिळतो आणि चारही प्रकार त्याच होल्डरमध्ये निमूट बसतात. बल्ब खाचेत घट्ट बसला याचा अर्थ तो दाबाला जुळला असा होत नाही.

मागणी नोंदवताना ज्या संकेतांवर भर दिला जातो त्यांच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकी पद्धतीत तीन अक्षरे असतात आणि त्या अक्षरांना स्वतःचा काही अर्थ नसला तरी वॉट, दाब, बूड व आकार हे सारे त्यांतच ठरलेले असते. एफईएल म्हणजे १००० वॉट, १२० व्होल्ट, आणि एफएफएन, एफएफपी, एफएफआर हे १००० वॉटचे पार-६४ बल्बही १२० व्होल्टचेच. ब्रिटिश पद्धतीत सीपी किंवा टी या अक्षरांपुढे क्रमांक येतो. पार-६४ मध्ये सीपी-६० हा अगदी अरुंद झोताचा, सीपी-६१ अरुंद व सीपी-६२ मध्यम झोताचा दिवा होय. परंतु या क्रमांकावरून २३० की २४० हे कळत नाही, ते वेगळे पाहावे लागते. एचपीएलच्या आकड्यांत ‘५७५/११५’ म्हणजे ५७५ वॉट, ११५ व्होल्ट; त्यापुढे एक्स असेल तर दीर्घायुषी प्रकार, जो ३०० ऐवजी २,००० तास टिकतो, पण त्याचा उजेड मंद व पिवळट असतो. अमेरिकेत पुरवठा १२० चा असूनही ११५ चा बल्ब निघतो, कारण डिमरमध्ये, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणात, व लांब केबलमध्ये काही व्होल्ट खर्ची पडतात.

१२० व्होल्टचे बल्ब २३० च्या देशांत मुद्दाम वापरले जातात असाही एक जुना प्रघात आहे. कमी दाबाच्या बल्बचा तंतू जाड व आखूड असल्याने त्याचा झोत अधिक नेटका पडतो. म्हणून दोन पारकॅन एकसरीत, म्हणजे एकामागून एक, जोडून निम्मा-निम्मा दाब वाटून घेतात. विमानाच्या उतरण्याच्या दिव्यांपासून आलेले २८ व्होल्टचे एसीएल बल्ब याच रीतीने आठ-आठ जोडले जातात. अशा साखळीत एक बल्ब गेला की सगळे विझतात, आणि जोडीतला बदली बल्ब वेगळ्या वॉटचा आला तर दाबाची वाटणी बिघडून कमी वॉटचा बल्ब लवकर उडतो. साखळीसाठी ऑनलाइन मागवताना एकाच उत्पादकाचे, एकाच संकेताचे बल्ब घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दौऱ्यावरील नाटकांना आणि तमाशाच्या फडांना गावोगावच्या पुरवठ्याशी किंवा जनरेटरशी जुळवून घ्यावे लागते. दाब मोजायचा तो सर्व दिवे पूर्ण लावून, होल्डरच्या जवळ. रिकाम्या तारेवरचा आकडा फसवा असतो. डिमर अर्धा असताना साधा मीटर चुकतो, कारण डिमर विजेच्या लहरीचा भाग कापत असतो. तेथे खऱ्या आरएमएस, म्हणजे लहरीच्या परिणामी दाबाच्या, मापनाचा मीटर लागतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला तर कमी भार असलेल्या फेजवरील दाब ४०० व्होल्टकडे चढू शकतो आणि त्या बाजूचे बल्ब एकापाठोपाठ जातात. अशा वेळी नव्या बल्बचा दोष काढण्याआधी न्यूट्रलची जोड तपासावी.

मूव्हिंग हेड या फिरत्या माथ्याच्या प्रकाशयंत्रातील विसर्जन दिव्यांना, म्हणजे तंतूऐवजी विजेच्या ठिणगीने उजळणाऱ्या दिव्यांना, वरील हिशेब लागू पडत नाही. त्यांना वीज बॅलास्टमार्फत, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या उपकरणामार्फत, मिळते आणि ठिणगीचा दाब भिंतीतील दाबाहून वेगळा असतो. ‘७आर’ या लोकप्रिय बल्बवरील २३० हा आकडा वॉटचा आहे, व्होल्टचा नव्हे. तो २३० व्होल्टच्या होल्डरसाठी मागवणे ही ऑनलाइन खरेदीत सहज होणारी चूक आहे. अशा दिव्यासाठी यंत्राच्या पुस्तिकेतील मूळ बल्बचे नाव आणि बॅलास्टचा वॉट हेच पाहावे लागतात.

पार्सल उघडल्यावर हॅलोजन बल्बची क्वार्ट्‌झ काच उघड्या बोटांनी धरू नये, कारण घामातील क्षारांमुळे ती तापल्यावर पांढुरकी होऊन तडकते. डबीवरचे नव्हे, बल्बवर कोरलेले व्होल्ट व वॉट जुन्या बल्बशी ताडून पाहावेत आणि मगच तो यंत्रात बसवावा.