मार्केट यार्ड, पुणे : स्थानिक अर्थविकास

पुण्यातील गुलटेकडी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे घाऊक आवार. फळे, तरकारी, फुले आणि भुसार, म्हणजे धान्य-कडधान्यादी कोरडा माल, यांची येथे मोठी उलाढाल होते. परिसरातील उत्पादक, व्यापारी, श्रमिक व सार्वजनिक संस्था यांच्या सहभागातून तेथेच रोजगार व उत्पन्न वाढविण्याच्या प्रक्रियेस स्थानिक अर्थविकास म्हणतात. मात्र असे घटक परस्परांत इतके गुंतलेले असतात की, एकात केलेल्या बदलाचा परिणाम इतरांच्या प्रतिसादावर ठरतो आणि तो आधी पूर्णपणे वर्तविता येत नाही.

अडतीचा प्रश्न याचे ठळक उदाहरण होय. शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा आडत्या जे दलालीचे शुल्क घेतो ती अडत, आणि विक्रीनंतर शेतकऱ्यास मिळणारा हिशेब म्हणजे पट्टी. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. पट्टीतील अडतीची कपात थांबविणे न्याय्यच होते. तथापि खरेदीदार तो बोजा बोलीतच धरून भाव कमी पुकारू शकतो, आणि आडत्याकडून घेतलेल्या उचलीने, म्हणजे आगाऊ रकमेने, बांधलेला शेतकरी दुसरीकडे माल नेण्यास सहसा मोकळा नसतो. त्यामुळे पतपुरवठ्याची पर्यायी सोय नसेल, तर विक्रीचे स्वातंत्र्य बव्हंशी कागदावर राहते.

श्रमिकांच्या बाबतीत येथील अनुभव अधिक आशादायक आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पुण्यातील हमालांना संघटित केले, पतसंस्था उभारली आणि 1974 पासून ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाद्वारे स्वस्त, पोटभर जेवणाची सोय केली. 1969 च्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या, कायद्याने कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे निर्माण केली. मालकाने मजुरीसह ठरावीक लेव्ही, म्हणजे अधिभार, मंडळाकडे भरावयाचा आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व अन्य लाभ द्यावयाचे, अशी ही रचना आहे. एकाच मालकाशी बांधील नसलेल्या हमालास तिच्यामुळे कायम कामगारासारखी सुरक्षितता मिळू शकली, आणि हे यश कायद्याइतकेच त्यामागील संघटनेचे आहे.

विकासकार्यकर्त्याने म्हणूनच कोणतीही योजना आखण्यापूर्वी आवक, उचल, तोलाई (वजन करण्याचे शुल्क), हमाली आणि पट्टी यांतून पैसा कोणाकडून कोणाकडे जातो याचा माग घ्यावा, बदल लहान प्रमाणात करून पाहावा, आणि त्याचे यश एकूण उलाढालीवर न मोजता शेतकऱ्याच्या पट्टीवर व हमालाच्या मजुरीवर मोजावे.