इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर : श्रोत्याची जागा आणि ध्वनी

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये नेहमीचा शंकू नसतो. दोन सच्छिद्र पट्टांच्या मधोमध केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्यावर हजारो व्होल्टचा विद्युतदाब असतो आणि संगीताच्या संकेतानुसार तो पुढेमागे हलतो. पडदा अतिशय हलका असल्याने ध्वनी विलक्षण स्वच्छ उमटतो. ही स्वच्छता खोलीत सर्वत्र सारखी मिळत नाही, हे मात्र लाखो रुपये मोजण्यापूर्वी ठाऊक असावे.

याचे मूळ तरंगलांबीत आहे. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. ध्वनी देणारा सपाट पृष्ठभाग त्याहून बराच रुंद असला, की असा ध्वनी पसरत नाही. टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. झोताबाहेर सरकलेल्या श्रोत्याला तंबोऱ्याच्या जवारीतील झळाळी मंदावलेली जाणवते. पडदा बुटका असेल, तर नुसते उभे राहिल्यानेही फरक पडतो.

इंग्लंडमधील हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या क्वाड स्पीकरमध्ये उंच स्वरांसाठी मधली अरुंद पट्टी वेगळी ठेवली होती. १९८१ च्या ‘ईएसएल-६३’मध्ये त्यांनी अधिक सुंदर उपाय योजला : एककेंद्री कड्यांना संकेत किंचित विलंबाने पोहोचवला. त्यामुळे ध्वनी पडद्यामागे सुमारे ३० सेंटिमीटरवरील एका बिंदूतून निघाल्यासारखा पसरतो. मार्टिनलोगनने पडद्यालाच बाक दिला. तरीही स्टिरिओचा खरा आनंद मधल्या एकाच आसनावर मिळतो. चारचौघांची बैठक जमवणाऱ्याने याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न मागच्या भिंतीचा. पडदा मागेही तितकाच ध्वनी फेकतो, पण उलट्या कलेचा. म्हणून पडद्याच्या दोन्ही कडांच्या रेषेत तो जवळजवळ शून्य होतो. स्पीकर भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर मागचा ध्वनी दोन मीटर जास्त फिरून समोर येतो आणि १७० हर्ट्झच्या आसपासचे स्वर क्षीण करतो. अंतर बदलले, की क्षीण होणारे स्वरही बदलतात. खरेदीआधी स्पीकर आपल्याच खोलीत ऐकण्याचा आग्रह म्हणूनच धरावा.

जागा ठरवताना दोन्ही स्पीकर कानापासून फीत लावून समान अंतरावर घ्यावेत. मग एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे. गायकाचा आवाज नेमका मधोमध, एका ठिपक्यातून येईपर्यंत स्पीकरचा कोन थोडाथोडा फिरवावा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये. तिथे खर्ज नाहक फुगतो.